सेंद्रिय कर्बाचा प्रादेशिक नकाशा: खड्डा खणण्यापासून नकाशा वापरण्यापर्यंत सगळं

सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीत कुजलेल्या झाडपाल्यातून आणि जिवांतून आलेल्या कार्बनचा, नकाशा करायचाय म्हटलं की बहुतेक जण आधी लॅपटॉप उघडतात, सॅटेलाइटचा डेटा उतरवायला लागतात आणि न खणलेल्या जागांचा अंदाज लावणारं मॉडेल कुठलं घ्यायचं यावर चर्चा सुरू होते. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. आता कुणी विचारलं तर मी म्हणतो की लॅपटॉप बंद करा आणि एका कागदावर एकच वाक्य लिहा, हा नकाशा बघून नक्की कोण काय ठरवणार आहे? हे वाक्य लिहिता आलं नाही तर थांबा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट, किती खोल खणायचं, किती नमुने काढायचे, लॅबकडून काय मागायचं, हे सगळं त्या एका वाक्यावर ठरतं.

जंगल, गवताळ माळ, पाणथळ जागा वाचवणाऱ्याला जो नकाशा लागतो आणि शेती करणाऱ्याला जो लागतो ते दोन वेगळे नकाशे आहेत. संवर्धनवाल्याचा प्रश्न असा की या जमिनीत एकूण किती कर्ब साठलाय आणि ही जमीन मोडली तर त्यातला किती जाईल. त्याला साठा पाहिजे, म्हणजे हेक्टरी किती टन, आणि तोही पुरेशा खोलीपर्यंत. शेतकऱ्याचा प्रश्न असा की माझ्या वरच्या थरात कर्ब किती टक्के आहे, आणि माझ्यासारख्याच जमिनीत दुसऱ्यांना किती ठेवता आलाय. त्याला टक्केवारी पाहिजे आणि तुलना पाहिजे. एकाच फील्डवर्कमधून दोन्ही काढता येतं, पण आधी ठरवलं असेल तरच. नमुने १५ सेंमीपर्यंतच काढले आणि मातीची घनता मोजलीच नाही तर नंतर कितीही हुशार मॉडेल लावा, साठा भरवशाचा निघत नाही.

हे सगळं कशासाठी, तर जगभरच्या मातीच्या वरच्या १ मीटरमध्ये साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे असा अंदाज आहे, हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला कर्ब एकत्र केला तरी त्याहून जास्त. आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही. एका खोऱ्यातसुद्धा वरच्या उघड्या उतारावर आणि खालच्या ओलसर सखल भागात पाच-सहा पटींचा फरक सहज निघतो. हा फरक कुठे आहे ते माहीत नसताना सरसकट सल्ले द्यायचे म्हणजे अंधारात काम करणं.

आधी असलेलं गोळा करा

नवीन खड्डा खणायच्या आधी जुना डेटा शोधा. जुने मृदा सर्वेक्षणाचे अहवाल, माती परीक्षणाचे रिझल्ट, विद्यार्थ्यांचे प्रबंध, जे मिळेल ते. जागतिक नकाशेही बघून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, २०१७ च्या डिसेंबरमध्ये जागतिक सेंद्रिय कर्ब नकाशा काढला, तो वरच्या ३० सेंमीचा आणि १ किमी पिक्सेलचा. नेदरलँड्समधल्या इस्रिक संस्थेचा सॉइलग्रिड्स २५० मीटरचा आहे आणि त्यात वेगवेगळ्या थरांचे अंदाज आहेत. दोन्ही फुकट मिळतात. पण १ किमीचा एक पिक्सेल म्हणजे १०० हेक्टर, त्यात एखादा डोंगर, शेतं आणि ओढा सगळंच मावतं. त्यामुळे हे नकाशे पहिला अंदाज घ्यायला चांगले, कुणाच्या शेतावर बोट ठेवायला अजिबात नाही.

जुना डेटा साफ करायला तुम्हाला वाटतो त्याच्या तिप्पट वेळ लागतो, आणि ही मी सांगतो त्या कामातली सगळ्यात कंटाळवाणी पण सगळ्यात महत्त्वाची पायरी. अक्षांश-रेखांश उलटे टाकलेले असतात. अंश-मिनिट-सेकंदाचे आकडे कुणीतरी दशांश समजून भरलेले असतात. शंभर नमुने एकाच बिंदूवर सापडतात कारण ऑफिसात बसून सगळ्यांना एकच लोकेशन दिलेलं असतं. एका तक्त्यात सेंद्रिय कर्ब असतो आणि दुसऱ्यात सेंद्रिय पदार्थ. या दोघांत जुन्या हिशोबाने १.७२४ चा फरक आहे, म्हणजे सेंद्रिय पदार्थ १.७२ टक्के असेल तर कर्ब धरायचा साधारण १ टक्का. हा आकडा सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो या जुन्या गृहीतकावरून आलाय, आणि बऱ्याच मातींत तो खरं तर २ च्या जवळ जातो. एकक पण बघा, ग्रॅम प्रति किलोमध्ये ६ म्हणजे ०.६ टक्के, कुणीतरी ६ टक्के म्हणून भरलं असेल तर तुमच्या नकाशात माळावर दलदल उगवेल.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. दोन लॅबचे जुने रिझल्ट एकत्र करून आम्ही पहिला नकाशा काढला आणि त्यावर एक जवळजवळ सरळ रेघ उमटली, एका बाजूला कर्ब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. माती अशी पट्टीने आखल्यासारखी बदलत नाही. आम्ही आधी भूगर्भाचं कारण शोधत बसलो, मग पावसाचं, मग जमीन वापराचं. बरेच आठवडे गेल्यावर कळलं की एका लॅबने रिझल्ट देताना मोजणीत निसटणारा कर्ब भरून काढणारा सुधारणेचा गुणक लावला होता आणि दुसरीने नाही. म्हणून आता प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर मी तो नमुना बाजूला ठेवतो: कुठली पद्धत, कुठली खोली, कुठलं वर्ष.

नमुने कुठे काढायचे

इथे नकाशा घडतो किंवा बिघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी जाते तिथले नमुने. रस्त्याकडेची जमीन बहुतेक वेळा सपाट, जास्त कसलेली, लवकर मोडलेली असते. तिथल्याच नमुन्यांवर मॉडेल शिकवलं तर डोंगरउतार, जंगलाचा आतला भाग, पाणथळ कडा यांच्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं, आणि तरी ते तिथे आत्मविश्वासाने आकडा टाकून मोकळं होतं.

सोपा आणि पक्का मार्ग असा. आधी प्रदेशाचे गट पाडा: जमीन वापर, मातीचा किंवा खडकाचा प्रकार, उतार. म्हणजे उदाहरणार्थ सपाट काळी शेतजमीन, मुरमाड उतारावरचं गवत, दाट जंगल, ओढ्याकाठचा गाळ, पाणथळ. मग प्रत्येक गटात कॉम्प्युटरने रँडम पॉइंट टाका. आपल्या मनाने बरी दिसणारी जागा निवडायची नाही. थोडं पुढचं करायचं असेल तर कंडिशन्ड लॅटिन हायपरक्यूब ही पद्धत आहे, मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी २००६ मध्ये मांडलेली, ती पाऊस, उंची, उतार, हिरवळ या सगळ्यांच्या पूर्ण रेंजमधून पॉइंट निवडते, आणि आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं तयार पॅकेज मिळतं. ज्या गटाचं क्षेत्र कमी पण कर्ब जास्त त्याला क्षेत्राच्या मानाने जास्त पॉइंट द्या. पाणथळ जागा एकूण क्षेत्राच्या २ टक्के असल्या म्हणून तिथे २ टक्केच नमुने, असं करू नका, तुमच्या साठ्याचा मोठा वाटा तिथेच बसलेला असू शकतो.

किती नमुने, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर एका आकड्यात नाही, पण हिशोब साधा आहे. एखाद्या गटात कर्बाचा फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ०.३ टक्के असेल आणि ३० नमुने काढले तर सरासरीची चूक साधारण ०.०५५ टक्के राहते. ती निम्मी करायची तर नमुने दुप्पट नाही, चौपट लागतात. त्यामुळे आधी प्रत्येक गटात आठ-दहा नमुने काढून फरक किती आहे ते बघा आणि मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा, आणि काही नमुने, शक्यतो पाचवा किंवा चौथा हिस्सा, फक्त तपासणीसाठी वेगळे रँडम काढून बाजूला ठेवा, त्यांना मॉडेलला हात लावू द्यायचा नाही.

प्रत्येक गटाला पाच-दहा राखीव पॉइंट आधीच काढून ठेवा, क्रमाने. जमीनमालक नाही म्हणेल, पॉइंट खडकावर पडेल, नदी आडवी येईल. मग राखीव यादीतला पुढचा घ्या आणि पहिला का सोडला ते लिहून ठेवा. खडक लागला म्हणून सोडला असेल तर ती नोंद सोन्यासारखी आहे कारण तिथला साठा शून्याच्या जवळ आहे हे तुम्हाला कळलं. आणि एक गोष्ट मनापासून, मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या जमिनीत खड्डा घेऊ नका, आणि रिझल्ट आला की तो त्याला नक्की पोचवा. पुढच्या वेळी तीच माणसं दारात स्वागत करतात.

खड्डा, पिशवी, लेबल

खोली साठ्यासाठी किमान ३० सेंमी, ती आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पद्धतीतही वापरतात. माझं मत असं की ०-१५ आणि १५-३० असे दोन थर वेगळे काढा, शेतीला वरचा चालतो, साठ्याला दोन्ही मिळतात. जमलं तर दर चार-पाच पॉइंटमागे एका ठिकाणी १ मीटरपर्यंत जा. मशागत बंद केल्यावर बऱ्याचदा कर्ब वर गोळा होतो आणि खाली घटतो, फक्त वरचे १० सेंमी बघणाऱ्याला तो वाढल्यासारखा दिसतो.

प्रत्येक पॉइंटवर एकच खड्डा पुरत नाही कारण दोन पावलांवर कर्ब बदलतो. साधारण १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनात मधे एक आणि चार बाजूंना चार असे पाच ठिकाणचे नमुने ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, काढून एकत्र करा, थरानुसार वेगळ्या पाटीत. मग चांगलं मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा मिसळा, अर्धा किलो उरेपर्यंत. वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, पण काळपट मऊ मातीचा थर खरवडून टाकायचा नाही, ही चूक जंगलात फार होते.

शेतातला नेहमीचा नमुना काढताना आपण झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळतो आणि ते बरोबरच आहे कारण तिथे खताचा सल्ला द्यायचा असतो. प्रदेशाचा साठा मोजताना मात्र पॉइंट झाडाखाली पडला तर तिथेच खणायचं, झाडंही त्या प्रदेशाचाच भाग आहेत ना. कुठला नियम पाळायचा ते सगळ्या टीमला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या सवयीने पॉइंट सरकवतो.

मोबाइलच्या जीपीएसमध्ये मोकळ्यावर पाचेक मीटरची चूक असते, दाट झाडीत त्याहून जास्त. रीडिंग स्थिर होऊ द्या, ॲक्युरसीचा आकडाही लिहा. फोटो दोन, एक खड्ड्याचा, एक आजूबाजूचा. पीक किंवा झाडोरा काय, गेल्या काही वर्षांत जमीन कशी वापरली, कधी मोडली, जाळलं का, हे मालकाला विचारून लिहा. सॅटेलाइटला हे सगळं दिसत नाही, माणसाला माहीत असतं. लेबल पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक, पेन्सिलने, कारण पेनाची शाई ओल्या मातीत उतरते. नमुने सगळे शक्यतो एकाच हंगामात काढा, पीक निघाल्यावर आणि खत किंवा नांगरट व्हायच्या आधी.

घनतेसाठी लोखंडी रिंग लागते. ५ सेंमी व्यास आणि ५ सेंमी उंचीची रिंग घेतली तर तिचं आकारमान ९८ घन सेंमी. ती न हलवता मातीत सरळ ठोकायची, चाकूने दोन्ही बाजू सपाट करायच्या, सगळी माती १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि वजन भागिले आकारमान. १२७ ग्रॅम भरली तर घनता १.२९. काम कटकटीचं आहे म्हणून लोक टाळतात आणि कुठल्या तरी सूत्रातून अंदाज लावतात. सगळीकडे नाही जमलं तर निदान प्रत्येक गटात काही ठिकाणी मोजा. भेगा पडणाऱ्या चिकण जमिनीत ओल किती होती तेही लिहा कारण ती माती फुगते आणि आक्रसते, घनता त्याप्रमाणे बदलते.

साठ्याचं गणित एकदा हाताने करून बघा. कर्ब ०.६ टक्के, बारीक मातीची घनता १.३५, खोली ३० सेंमी, तिघांचा गुणाकार २४.३, हेच हेक्टरी टन. आता त्या थरात आकारमानाने २० टक्के दगडगोटे असतील तर ०.८ ने गुणा, राहिले १९.४ टन. दगड विसरलात तर पाच टन हवेतून आले. मुरमाड जमिनीत ही चूक आणखी मोठी होते म्हणून २ मिमी चाळणीवर राहिलेल्या खड्यांचं वजन कधी फेकून देऊ नका.

लॅबमध्ये काय मागायचं

नमुना सावलीत पातळ पसरून वाळवा, ढेकळं लाकडी हातोडीने फोडा, मुळं आणि काड्या वेचा, २ मिमीतून चाळा. पद्धती मुख्य दोन. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची, डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडची, स्वस्त आणि जगभर चालणारी. ती सरासरी ७७ टक्के कर्बच पकडते म्हणून १.३ ने गुणतात, पण हा गुणक माती-मातीत बदलतो, आणि क्रोमियमचा कचरा विषारी असतो, तो नीट विल्हेवाट लावणाऱ्या लॅबलाच काम द्या. दुसरी ड्राय कंबश्चन, नमुना ९०० अंशांच्या पुढे जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. अचूक आहे, पण चुनखडीयुक्त जमिनीत ती चुन्यातला कर्बही मोजते. मातीवर थोडं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून बघा, फसफसली तर लॅबला आधीच सांगा की अजैविक कर्ब वजा करून पाहिजे. हे न करता चुनखडीच्या माळाला श्रीमंत ठरवलेले नकाशे मी बघितलेत.

पद्धत कुठलीही घ्या पण सगळ्या नमुन्यांना एकच. दर दहा नमुन्यांत एक नमुना वेगळ्या नंबरने पुन्हा पाठवा, लॅबला न सांगता. दोन्ही रिझल्टमधला फरक हीच तुमच्या आकड्यांची खरी धार. नमुने हजारांत असतील तर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे मातीवरून परतलेल्या इन्फ्रारेड प्रकाशावरून कर्बाचा अंदाज, विचारात घ्या, थोडे नमुने पक्क्या पद्धतीने मोजून बाकीचे त्यावरून काढता येतात.

आता लॅपटॉप

मातीचा नकाशा काढायची कल्पना जुनीच आहे. हान्स येनी यांनी १९४१ मध्ये मांडलं की माती पाच गोष्टींनी घडते: हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. २००३ मध्ये मॅकब्रॅटनी आणि सहकाऱ्यांनी त्यात मातीची आधीची माहिती आणि जागा जोडली आणि त्यातून आजचं डिजिटल सॉइल मॅपिंग उभं राहिलं. आपण करतो ते इतकंच, की ज्या गोष्टी सगळीकडे माहीत आहेत त्यांच्यावरून, जी गोष्ट थोड्याच ठिकाणी माहीत आहे तिचा अंदाज बाकीच्या ठिकाणी लावायचा.

सगळीकडे माहीत असलेल्या गोष्टी म्हणजे ३० मीटरचं उंचीचं मॉडेल आणि त्यातून निघणारा उतार, वक्रता, पाणी साचण्याचा निर्देशांक. पाऊस आणि तापमान. भूगर्भाचा नकाशा. सेंटिनेल-२ सॅटेलाइटच्या १० मीटर प्रतिमा आणि त्यातून अनेक वर्षांची सरासरी हिरवळ. लँडसॅट सॅटेलाइटच्या ३० मीटर प्रतिमा १९८० च्या दशकापासून आहेत, त्यातून जमीन कधी मोडली याचा इतिहास काढता येतो आणि माझ्या मते कर्बासाठी हा इतिहास आजच्या हिरवळीपेक्षा जास्त बोलतो. या माहितीचे सगळे थर एकाच प्रोजेक्शनमध्ये, एकाच ग्रिडवर आणा. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आणि आर दोन्ही मोफत आहेत, गूगल अर्थ इंजिनही संशोधनासाठी मोफत वापरता येतं.

रंगाबद्दल एक सावधगिरी. उघड्या मातीची प्रतिमा जितकी काळी तितका कर्ब जास्त, असं थेट धरू नका. भेगाळणाऱ्या काळ्या वर्टिसॉल जमिनी गडद काळ्या असूनही त्यांत कर्ब बऱ्याचदा १ टक्क्याच्या आतच असतो. आणि ओली माती कुठलीही असो, काळीच दिसते, पावसानंतरची प्रतिमा घेतली तर तुम्ही ओल मोजताय, कर्ब नाही.

मॉडेल साध्यापासून सुरू करा. आधी प्रत्येक गटाची नुसती सरासरी नकाशावर टाका, हा तुमचा पाया. मग साधं रिग्रेशन, म्हणजे कर्ब आणि पाऊस, उतार वगैरेंचा संबंध सूत्रात बसवणं, मग रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णय-वृक्षांच्या अंदाजांची सरासरी, आणि उरलेल्या चुकांमध्ये जागेनुसार पॅटर्न दिसला तर त्यावर क्रिगिंग, म्हणजे जवळच्या पॉइंटवरून मधल्या जागांचा अंदाज. पुढचं मॉडेल आधीच्यापेक्षा स्पष्ट चांगलं नसेल तर साधंच ठेवा. ८० नमुने आणि माहितीचे ६० थर असं जुगाड करू नका, मॉडेल पाठांतर करतं. कर्बाचे आकडे एका बाजूला झुकलेले असतात, खूप कमीवाले पुष्कळ आणि खूप जास्तवाले मोजके, म्हणून आकड्यांचा लॉग, म्हणजे लॉगरिदम, घेऊन काम करतात, पण परत आणताना सरासरी कमी पडते, ती दुरुस्ती करायला विसरू नका.

रँडम फॉरेस्ट टोकं मधे ओढतं हे फार कमी लोक सांगतात. जिथे कर्ब सगळ्यात जास्त तिथे ते कमी दाखवतं, जिथे सगळ्यात कमी तिथे जास्त. आणि शिकवलेल्या आकड्यांच्या बाहेर ते जातच नाही. आता बघा, संवर्धनवाल्याला नेमक्या सगळ्यात श्रीमंत जागा पाहिजेत आणि शेतीवाल्याला नेमक्या झिजलेल्या जागा, म्हणजे दोघांना जे हवं तेच मॉडेल सपाट करून टाकतं. म्हणूनच टोकाच्या जागांवर जादा नमुने घ्या, आणि पीटसारख्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थराच्या, जमिनी असतील तर त्या वेगळ्या रेखाटून त्यांचा हिशोब वेगळा करा, तिथे कर्ब ३० सेंमीखाली कित्येक मीटर जातो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्क्यांवर पीट आहे पण त्यातला कर्ब जगभरच्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कर्बापेक्षा जास्त आहे.

नकाशावर विश्वास किती ठेवायचा

बाजूला ठेवलेले रँडम नमुने आता काढा. नकाशाचा आकडा आणि खड्ड्याचा आकडा शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा: सरासरी कल, म्हणजे नकाशा एकंदर जास्त सांगतो की कमी, सरासरी चूक, म्हणजे आरएमएसई, आणि किती फरक नकाशाला कळला. वेगळे नमुने नसतील तर क्रॉस व्हॅलिडेशन, म्हणजे आळीपाळीने काही नमुने बाजूला ठेवून तपासणी, करतात, पण पॉइंट एकमेकांना चिकटलेले असतील तर ते फारच गोड आकडे देतं. हे तपासणं एकूण प्रदेशासाठी नाही तर प्रत्येक गटासाठी वेगळं करा. एकूण आकडा छान आणि जंगलात नकाशा पूर्ण चुकलेला, असं खूपदा होतं.

नकाशा एकटा देऊ नका, अनिश्चिततेचा नकाशा जोडीला द्या. क्वांटाइल रिग्रेशन फॉरेस्ट हा रँडम फॉरेस्टचाच प्रकार वापरला तर प्रत्येक पिक्सेलला खालची आणि वरची मर्यादा मिळते. ती मर्यादा खरी आहे का तेही तपासा, ९० टक्क्यांची रेंज म्हणताय तर दहातले नऊ खड्डे त्या रेंजमध्ये पडले पाहिजेत. जिथली परिस्थिती तुमच्या एकाही नमुन्यासारखी नाही ती जागा राखाडी ठेवा. राखाडी डाग बघून लोक विचारतात, इथे काय? उत्तर द्या की इथे खणलेलं नाही. हे सांगायला संकोच वाटतो पण चुकीचा रंग भरण्यापेक्षा हे लाखपटीने बरं. आणि पिक्सेल ३० मीटरचा आहे म्हणून नकाशा शेतापुरता अचूक झाला असं नाही, पिक्सेल लहान करणं फुकट असतं, अचूकता फुकट नसते.

वापरायचा कसा

संवर्धनासाठी साठ्याच्या नकाशावर धोक्याचा नकाशा टाका: कुठे निचऱ्याचे चर खणले जाणार, कुठे जमीन मोडली जाणार, कुठे धूप वाढतेय, कुठे आग लागते. जास्त साठा आणि जास्त धोका जिथे एकत्र येतात तिथे आधी जा. गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलं होतं की नैसर्गिक जंगल मोडून पिकाखाली आणलं तर मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्के घटतो, आणि कुरण मोडलं तर ५९ टक्के. कुरणाचा आकडा पुन्हा वाचा, गवताळ जमीन पडीक समजून मोडायला सगळ्यात सोपी असते. गेलेला कर्ब परत यायला कित्येक दशकं लागतात, म्हणून आहे तो राखणं हे नवीन साठवण्यापेक्षा आधी येतं, हे माझं ठाम मत.

शेतीसाठी आकडा एकटा काही सांगत नाही. वालुकामय जमिनीत ०.५ टक्के चांगला असू शकतो आणि चिकण जमिनीत तोच वाईट, कारण चिकणमातीचे कण कर्ब धरून ठेवतात. म्हणून प्रत्येक शेताची तुलना त्याच्याच गटाशी करा. त्या गटातले वरचे २५ टक्के नमुने कुठवर पोचलेत ते बघा, तो आवाक्यातला आकडा, कारण तसल्याच मातीत, तसल्याच पावसात कुणीतरी तो राखलाय. मग अंतराचा नकाशा काढा: आवाक्यातला वजा आत्ताचा. बाहेरून आणलेली गणितं जपून वापरा. कर्ब आणि चिकणमाती यांचं प्रमाण १ ला १० असावं असा एक निकष युरोपातल्या थंड भागात बसवलेला आहे, त्या हिशोबाने ३० टक्के चिकणमातीला ३ टक्के कर्ब लागतो, उष्ण कोरड्या भागात कसलेल्या जमिनीला हे ध्येय देणं म्हणजे शेतकऱ्याला आधीच नापास करणं.

अंतर मोठं असलेल्या शेतांवर जाऊन बघा, कारण नकाशावर दिसत नाही. कुठे धुपीने वरचा थर गेलेला असतो, तिथे आधी बांधबंदिस्ती. कुठे पिकाचे अवशेष जाळले जातात किंवा सगळेच उचलले जातात. कुठे वर्षातले बरेच महिने जमीन उघडी असते. एकाच रंगाच्या तीन शेतांना तीन वेगळे उपाय लागतात.

वाढ मोजायची असेल तर

पाच वर्षांनी दुसरा नकाशा काढून पहिल्यातून वजा करू नका. समजा साठा ४० टन आहे आणि चांगल्या व्यवस्थापनाने वर्षाला ०.३ टन वाढतोय, पाच वर्षांत झाले १.५ टन. तुमच्या नकाशाची चूकच ८-१० टन असेल तर त्या वजाबाकीत फक्त गोंधळ निघणार. त्यासाठी ठराविक पॉइंटवर, त्याच पद्धतीने, त्याच हंगामात, आठ-दहा वर्षांनी परत खणायचं.

परत खणताना सारख्या खोलीची नाही, सारख्या वजनाच्या मातीची तुलना करा. जमीन घट्ट असताना घनता १.४ होती, म्हणजे ३० सेंमीत हेक्टरी ४२०० टन माती. नंतर भुसभुशीत होऊन १.२ झाली, आता तेवढ्याच खोलीत ३६०० टन. कर्ब दोन्ही वेळा ०.७ टक्केच असला तरी साठा २९.४ वरून २५.२ वर आलेला दिसतो, आणि जमीन सुधारणाऱ्या माणसाच्या नावावर चार टनांचा तोटा लागतो. म्हणून दुसऱ्या वेळी ४० सेंमीपर्यंत खणा, म्हणजे ४२०० टनांपर्यंतचा हिशोब लावता येतो. कुणी कार्बन क्रेडिटचे आकडे घेऊन आलं तर ते कर्बात आहेत की कार्बन डायऑक्साइडमध्ये ते आधी विचारा, १ टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड.

वाळवलेल्या प्रत्येक नमुन्यातले २०० ग्रॅम घट्ट झाकणाच्या बरणीत, पॉइंटचा नंबर टाकून, कोरड्या जागी ठेवून द्या. दहा वर्षांनी लॅब बदललेली असेल, मशीन बदललेलं असेल, माणसंही बदललेली असतील, तेव्हा जुनी आणि नवी माती एकाच दिवशी एकाच मशीनवर शेजारी शेजारी लावता आली पाहिजे.